बिनकामाचा एक दिवस

आमच्याकडच्या बायका प्रवास करीत नाहीत, असं कुणी म्हणू नये. लग्नाला जातात, मयताला जातात, लेकीच्या बाळंतपणाला जातात. दुखणं फारच वाढलं तर मुंबईच्या इस्पितळात जातात आणि आल्यासारखं माहीमला मखदूमबाबांच्या दर्ग्यात सलाम करून येतात. अल्लाहने दिलं तर उमरा होतो, हज होते. पण या प्रत्येक जाण्याला कारण असतं. कारण सांगितल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, ही शिकवण कुणी तोंडाने दिलेली नाही. ती हाडीमाशी मुरलेली आहे. “कुठं चाललीस?” याच्या पाठोपाठ “काय काम?” हा प्रश्न येतोच.

म्हणूनच आम्ही दोघी बहिणींनी अम्मीला घेऊन मालदीवला जायचं ठरवलं, तेव्हा मोहल्ल्यात पहिला प्रश्न तोच आला. तिकडं कुणी नातेवाईक आहेत का? नाहीत. कुणा वलीची जियारत? नाही. मग काय काम? काम काहीच नव्हतं. तीन वर्षं भिशी लावून पैसे जमवले होते आणि बहात्तर वर्षांच्या अम्मीला एक दिवस समुद्राकाठी नुसतं बसवायचं होतं, एवढंच.

लोक हसले. हसण्यासारखं होतंच. आमचं गाव बाणकोटच्या खाडीवर. मागच्या दाराने बाहेर पडलं की पन्नास पावलांवर पाणी. जिचा सगळा जन्म पाण्याच्या काठी गेला, तिला समुद्र दाखवायला परदेशात कशाला न्यायचं?

पण खाडीच्या काठी राहणं वेगळं आणि समुद्राकाठी बसणं वेगळं. अम्मी लहानपणी ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या काढायची. ते काम होतं. लग्नानंतर तेही थांबलं. पुढं दर्या म्हणजे अब्बांना घेऊन जाणारी गोष्ट. आमच्या पट्ट्यात घरटी एक पुरुष जहाजावर, नाहीतर आखातात. अब्बा जहाजावर होते. वर्षा-दीड वर्षाने यायचे, दोन महिने राहायचे, ट्रंक भरायची आणि पुन्हा जायचे. त्या पाण्याकडे अम्मीने बघितलं ते वाट बघण्यासाठी. मौजेसाठी कधी नाही. शेजारच्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ती बघायला पुण्या-मुंबईहून माणसं येतात, आमच्या घरावरून गाड्या जातात. आमच्या मोहल्ल्यातल्या किती बायकांनी ती कासवं पाहिली, हे विचारायला नको.

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही गेलो. मुंबईहून थेट विमान, आणि पारपत्र दाखवलं की व्हिसा तिथंच, फुकट. विमानतळावर सामान यंत्रातून तपासतात. दारूची बाटली सापडली तर ठेवून घेतात आणि परतताना देतात. देश पूर्ण मुस्लिम. २००८ च्या घटनेप्रमाणे मुसलमान नसलेल्याला तिथलं नागरिकत्वच मिळत नाही. सुमारे बाराशे बेटं, त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती. बाकीच्यांपैकी अनेक बेटं हॉटेलवाल्यांना भाड्याने दिलेली. १९७२ साली पहिलं हॉटेल निघालं तेव्हापासून धोरण असं, की पाहुण्यांनी ओसाड बेटांवर राहावं आणि गावकऱ्यांनी आपल्या बेटांवर. इकडे मद्य आणि उघडी अंगं, तिकडे मशीद आणि मदरसा, मधे पाणी. २०१० च्या सुमारास गावांमध्येही पाहुण्यांसाठी घरं उघडायला परवानगी मिळाली, म्हणून आमच्यासारख्यांना परवडू लागलं. आम्ही उतरलो ते माफुशी बेटावर, अशाच एका घरात. सकाळी न्याहारीला मस हुनी आणि रोशी मिळाली. मस हुनी म्हणजे कुस्करलेला मासा, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू. अम्मीने एक घास घेतला आणि म्हणाली, “ह्यात परकं काय आहे? रोटीला रोशी म्हणतात, एवढंच.”

माफुशीहून समोरच्या एखाद्या हॉटेलच्या बेटावर दिवसभरासाठी जाता येतं. सकाळी स्पीडबोट नेते, संध्याकाळी आणते. जेवण, पोहण्याचा तलाव, किनाऱ्यावर बिछाना, टॉवेल सगळं त्यात. माणशी दीडशे डॉलर, म्हणजे त्या वेळचे बारा हजारांवर रुपये. अम्मीला हा आकडा आम्ही सांगितला नाही. तिने विचारलाही नाही, पण बोटीत ती सारखी बॅगेवर हात ठेवून बसली होती, त्यावरून अंदाज तिला आला असावा. याच बेटांवरच्या कवड्या एके काळी जहाजं भरभरून बंगालला जात आणि तिथून तांदूळ येई. आपण मराठीत ज्याला किंमत नाही त्याला कवडीमोल म्हणतो. इथल्या लोकांनी त्याच कवडीवर शतकानुशतकं भात खाल्ला.

धक्क्यावर उतरताच मनगटाला रंगीत पट्टी बांधली. पुढं वाळू. इतकी पांढरी, की अम्मी वाकून चिमटीत घेऊन बघू लागली. आमची वाळू काळसर, उन्हात तापली की पाय भाजते. ही भर दुपारीही फारशी तापत नव्हती. बोटीवरचा पोरगा आमच्यासोबत चालत होता. हिंदी सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत त्याने सांगितलं, की ही वाळू पोवळ्यांच्या चुऱ्याची आहे. एक रंगीत मासा पोवळ्याचा खडक कुरतडतो, पचवतो आणि मागून वाळू टाकतो. “म्हणजे सगळे लोक माशाच्या...” असं म्हणून अम्मी जी हसली, ती बसेपर्यंत हसत होती.

आता त्या जागेचं वर्णन करायला हवं, कारण वाचकांच्या मनात तोच प्रश्न असणार. होय, तिथं होतं ते सगळं. बायका-पुरुष जेमतेम कपड्यांत पडलेले. तलावाच्या आतच दारूचा गुत्ता, पाण्यात बुडालेली स्टुलं, त्यांवर बसून पिणारी माणसं. गाणी मोठ्याने लावलेली. आम्ही तिघी डोक्यावर ओढणी, अंगभर कपडे. पहिला अर्धा तास अम्मी समुद्राकडे तोंड करून बसली. मान वळवलीच नाही. आम्हाला वाटलं, आता म्हणेल की चला परत. गुत्त्यामागचा तरुण परदेशी होता. त्याने शरबत विचारलं. आम्ही विचारलं, यात काही नाही ना? तो हसला आणि शहाळं फोडून आणलं. शहाळ्याला इथं कुरुंबा म्हणतात. १९७२ चं ते पहिलं हॉटेलही आज त्याच नावाचं. शहाळं पोटात गेल्यावर अम्मीची मान वळली. थोडा वेळ बघून म्हणाली, “ज्याचं त्याच्यापाशी. आपल्याला कुणी बोलावलं का त्या हौदात?”

पण तिचं लक्ष दुसरीकडेच लागलं होतं. शेजारच्या बिछान्यांवर एक गोरं म्हातारं जोडपं होतं. दोघं सत्तरीपुढची. म्हातारा बायकोच्या पाठीला तेल चोळत होता, कुणी बघतंय याची फिकीर नव्हती. अम्मी म्हणाली, “ह्या वयात...” आणि पुढं बोललीच नाही. आमच्या दोघींच्या मनात एकच हिशेब आला. अब्बा-अम्मीचा संसार बत्तीस वर्षांचा. त्यात एकत्र काढलेले दिवस मोजले तर सहा वर्षं भरतील का? आणि त्या सहा वर्षांत दोघं मिळून विनाकाम कुठं बसले असतील असा एक तास तरी?

आमच्या समाजातल्या बायकांच्या हक्कांविषयी बोललं जात नाही, असं नाही. तलाक, पोटगी, वारसा, शिक्षण यांवर परिषदा होतात, ठराव होतात, या अंकाच्या पानांवरही लेख आले असतील. ते सगळं हवंच. पण बाईच्या विसाव्याविषयी कुणी बोलत नाही. मौज हा शब्दच तिच्या संदर्भात चुकल्यासारखा वाटतो. खरं तर पैगंबरांनी (स.) हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, ही हदीस आमच्या मदरशात शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. एकदा आयेशा जिंकल्या, पुढं एकदा पैगंबर जिंकले. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करीत होते, तेव्हा आयेशांचं मन भरेपर्यंत पैगंबर त्यांना आडोसा देऊन उभे राहिले. वाजात आम्ही दोन्ही हदीसा ऐकल्या आहेत. त्या ऐकून कुणी घरी येऊन बायकोला म्हणाला, चल, आज खाडीकाठी जाऊन बसू, असं मात्र ऐकिवात नाही.

दुपारी उन्हाने जीव कासावीस झाला, म्हणून तलावाकडे गेलो. आम्ही दोघींनी मुंबईहून अंगभर पोहण्याचे पोशाख घेतले होते, डोकं झाकणारे. अम्मीने सलवार-कमीजमध्येच पाय सोडून बसायचं ठरवलं. पायऱ्यांशी एक कामगार आला. अदबीने बोलला, पण बोर्ड दाखवला: सुती कपड्यांत पाण्यात यायला मनाई. आमचे पोशाख त्याने निरखले, वरच्या माणसाला विचारून आला आणि आम्हाला जा म्हणाला. अम्मीला नाही. सुताचे धागे गाळणीत अडकतात, असं कारण दिलं. कारण खरंही असेल. पण काय गंमत बघा! माफुशी गावात बोर्ड आहे, की बायकांनी तोकड्या कपड्यांत किनाऱ्यावर फिरू नये. तशा कपड्यांसाठी माडाच्या झावळ्यांचं कुंपण घालून एक तुकडा वेगळा काढला आहे, त्याचं नावच बिकिनी बीच. आणि अर्ध्या तासाच्या अंतरावर इथं बोर्ड आहे, की एवढे कपडे घालून येऊ नका. दोन्ही बोर्ड बाईच्या अंगावरच्या कापडाचे.

हा वाद इथला जुनाच. चौदाव्या शतकात, १३४३ च्या सुमारास इब्न बतूता फिरत फिरत या बेटांवर आला आणि त्याला काजी नेमलं. तेव्हा तख्तावर खदीजा नावाची सुलताना होती. मुसलमान बायका नुसतं कमरेचं वस्त्र नेसून बाजारात हिंडतात हे बघून काजीसाहेब अस्वस्थ झाले. त्यांनी अंगभर कपड्याचा हुकूम काढला. पुढं त्यांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे, की आपल्याला ते जमलं नाही. फक्त आपल्या कचेरीत अंग झाकल्याशिवाय कुणा बाईला येऊ दिलं नाही, इतकंच. सुलतानाही बाई, आणि काजीला न जुमानणाऱ्याही बायाच! आज त्याच बेटांवर गावातल्या बायका डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या दिसतात. काळ कुणाचं काय करील, सांगता येत नाही.

अम्मीला यातलं काही सांगण्याची गरज पडली नाही. ती कामगाराला म्हणाली, “राहू दे बाबा तुझा हौद. दर्या आहे ना?” आणि ओढणी कमरेला खोचून सरळ पाण्याकडे चालू लागली.

तिथला समुद्र आमच्यासारखा अंगावर येत नाही. लाटा दूर पोवळ्यांच्या कड्यावर फुटतात, आत नुसतं उथळ, स्वच्छ पाणी. शंभर पावलं गेलं तरी कमरेइतकंच. अम्मीने आमचे हात दोन बाजूंनी घट्ट धरले होते. घोट्यापर्यंत गेल्यावर थांबली. आपले पाय तिला दिसत होते, याचंच तिला नवल. आमच्या खाडीत गुडघ्याखालचा पाय दिसत नाही. मग विचारलं, “भरती कधी?” बोटीवरच्या पोराने सांगितलं, इथं भरती-ओहोटीत फार तर हातभर फरक पडतो. आमच्याकडे दोन-दोन पुरुष पाणी चढतं-उतरतं. ओहोटीला होड्या चिखलात बसतात. “म्हणजे हा दर्या जात नाही,” अम्मी म्हणाली.

छातीपर्यंत पाणी आल्यावर ती बसली. सलवार फुगून वर आली, ओढणी पाठीमागे तरंगू लागली. पाण्याने तिला उचललं तेव्हा ती घाबरून ओरडली. दुसऱ्यांदा उचललं तेव्हा हसली. तिचे गुडघे आठ वर्षांपासून दुखतात. जिना उतरताना एकेका पायरीवर “या अल्लाह” म्हणते. त्या पाण्यात तिने गुडघे दुमडले, सरळ केले, पुन्हा दुमडले, लहान मुलीसारखे. आम्ही हात सोडले. तिच्या ते लक्षातही आलं नाही. बराच वेळ गेल्यावर ती पाण्याकडे बघत म्हणाली, “तुमचे अब्बा सांगायचे, पुढं खोल दर्यात पाण्याचा रंग निळा असतो, आभाळापेक्षा निळा. मला वाटायचं, माणूस जहाजावरनं येतो आणि फेकतो. पाणी कुठं निळं असतं?” थोडं थांबून म्हणाली, “खोटं नव्हते बोलत.”

आम्ही काही बोललो नाही. अब्बांना जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.

कपडे वाळवत बसलो होतो तोवर अजान झाली. कुठून, ते कळेना. त्या पोराने माडांच्या मागे नेलं. पाहुण्यांना दिसणार नाही अशा बाजूला कामगारांच्या खोल्या, धुण्याच्या दोऱ्या, गॅसच्या टाक्या आणि एक लहानशी मशीद. मशिदीला ते मिस्कित म्हणतात. बायकांसाठी पडद्यामागे जागा होती, रिकामी. आम्ही तिघींनीच असर अदा केली. अम्मीने घड्याळ बघितलं आणि खूश झाली. आम्ही कोकणी शाफई, तेही शाफई. मुंबईत असरची अजान हनफी वेळेला, उशिरा होते आणि तिची चुळबुळ सुरू असते. इथं अजान अगदी घरच्या वेळेला झाली होती.

मशिदीच्या पायरीवर त्या पोराशी गप्पा झाल्या. तो अम्मीला मामा म्हणत होता. आम्हाला हसू आवरेना. मग कळलं, धिवेही भाषेत मामा म्हणजे आजी. आजोबा काफा, वडील बप्पा. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण भाषा आपल्या मराठीची लांबची बहीणच. एक, दोन, तीन, चार म्हणजे एके, दे, तिने, हतरे. दिवस म्हणजे दुवस. वार विचारले तर तो बोटांवर मोजू लागला: आदित्त, होम, अंगार, बुद... आज बुरास्फति, उद्या हुकुरु. बृहस्पती आणि शुक्र! राजधानीत मालेला पोवळ्याच्या दगडात बांधलेली सतराव्या शतकातली जुनी जुमा मशीद आहे, तिला हुकुरु मिस्कि म्हणतात. म्हणजे शुक्राच्या वारची मशीद. त्यांचा जुमा शुक्राच्या नावाने होतो आणि त्यांच्या मुसलमानपणावर कुणी शंका घेत नाही. आमच्या मराठीचं मात्र दोन्हीकडून कौतुक होतं: तुम्ही मुसलमान असून इतकं शुद्ध मराठी? आणि तुम्ही मुसलमान असून उर्दू नाही? त्या पोराला हा प्रश्न समजावून सांगायला आम्हाला शब्द मिळाले नसते.

अम्मीला वेगळंच विचारायचं होतं. घर कुठं? दक्षिणेला, दूरच्या अटोलवर. (अटोल हा इंग्रजीत गेलेला शब्दही मुळात धिवेहीच.) घरी कधी जातोस? चार-पाच महिन्यांनी. आई काय करते? घरीच असते. ती आली का कधी इथं, तू काम करतोस ते बघायला? पोरगा गोंधळला. “इथं? इथं ती कशाला येईल, मामा?”

दिवसभर आम्ही बघत होतो. त्या बेटावर आम्हाला काम करताना एकही मालदीवची बाई दिसली नाही. वाढपी, माळी, बोटवाले, सगळे पुरुष. त्यात बांगलादेशी पुष्कळ. पाहुण्यांत तर त्यांच्या बायका नव्हत्याच. सगळं जग ज्या पाण्यात डुंबायला येतं, त्या पाण्याच्या मालकिणी आपापल्या बेटांवर पोरांची वाट बघत बसलेल्या. अम्मीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “सुट्टीत जाशील तेव्हा आईला तुझ्या गावच्याच पाण्यात घेऊन बस. एक दिवस. काम काही सांगू नकोस.” त्याला कितपत समजलं, ठाऊक नाही. त्याने मान हलवली.

गावी परतल्यावर बायका भेटायला आल्या. आणलं काय, दिसलं काय, खर्च किती, सगळं विचारून झालं. उघड्या बायकांविषयी विचारलं तेव्हा अम्मी म्हणाली, “होत्या. मला बघायला वेळ कुठं होता?” मग पाण्यात बसल्याचं सांगितलं. गुडघे दुखले नाहीत, हे सांगितलं. ऐकणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांचे गुडघे दुखतात.

त्याच वर्षी डिसेंबरात फजरनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या अकरा बायका भाकऱ्या, सुकट आणि चहाचा थर्मास घेऊन खाडीच्या मुखाशी वाळूवर गेल्या. पाणी निळं नव्हतं, गढूळच होतं. ओहोटी लागलेली, त्यामुळे बरंच चालावं लागलं. चौघी कमरेपर्यंत उतरल्या, बाकीच्या पाय भिजवून बसल्या. दहाच्या सुमारास ओल्या सलवारींनी परत येताना जमातीतले एक बुजुर्ग वाटेत भेटले. त्यांनी सलाम घेतला, सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि अम्मीला विचारलं, “सकाळी सकाळी इतक्या जणी? काय काम होतं?”

“काही नाही,” अम्मी म्हणाली. “बसलो होतो.”